चौथं गाणं

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवार होता, दुपारचे अडीच वगैरे, मी सिंकपाशी भांडी घासत होते आणि खिडकी उघडी टाकली होती कारण सकाळी फोडणीत मिरच्या जरा जास्त पडल्या आणि घरभर ठसका उठलेला. खिडकीच्या कट्ट्यावर जुना सीडी प्लेअर असतो, त्याच्यावर अंकल टुपेलो नावाच्या बँडचा पहिला अल्बम लागलेला, 'नो डिप्रेशन'. हाताला साबण असला की आवाज कमी-जास्त करता येत नाही, जे चाललंय ते चालू देते. पहिली तीन गाणी दणदणीत आहेत. मग चौथं लागलं, अल्बमच्याच नावाचं, ते साधं आहे, आरडाओरडा काही नाही, आणि तेवढ्यात मला बाहेरून अजून एक आवाज यायला लागला. आधी वाटलं सीडीतच असेल, इतक्या वेळा ऐकून लक्षात न आलेलं काहीतरी. वाकून बघितलं तर शेजारच्या आजी. अंगणातली पानं गोळा करत होत्या, रेक थांबला होता, त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून त्या गात होत्या. चाल तीच नव्हती. खालचा एक सूर होता, चर्चमध्ये चौघं चार सुरांत गातात त्यातला त्यांच्या वाट्याचा असेल तो. शब्द एकही चुकला नाही. ८६ वर्षांची बाई.

गाणं संपल्यावर त्या खिडकीपाशी आल्या. लहानपणी केंटकीत हे चर्चमध्ये म्हणायचो म्हणाल्या, आई वरचा सूर धरायची, मी खालचा. मग विचारलं, कोण आहेत ही पोरं? मी म्हणाले, आपल्या इथलीच, बेलव्हिलची, रेकॉर्ड केलं तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. त्यांना ते पटेना, आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटतो म्हणाल्या. आणि मग अगदी सहज, पोरांनी जेवण केलं का असं विचारावं तसं विचारलं, "मानतात का ती हे?"

मी म्हणाले, माहीत नाही.

त्यांनी मान हलवली आणि परत रेक उचलला. मी भांडी विसळून पालथी घातली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आठवडाभर ऑफिसला जाताना, पुलावरून नदी ओलांडताना, रात्री झोपताना, मानतात का ती हे, मानतात का. हा अल्बम मी किती वेळा ऐकला असेल त्याची मोजदाद नाही, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. किंवा पडला होता, पण तो दुसऱ्याच कुणाबद्दल, फार वर्षांपूर्वी, आणि त्याचंही उत्तर मला मिळालेलं नाही.

ही सीडी मला दोन डॉलरला मिळाली, एका गॅरेज सेलमध्ये, जुन्या इस्त्र्या आणि बेसबॉलच्या टोप्यांच्या शेजारी. कव्हरवर धूसर फोटो, माणसं नीट दिसतसुद्धा नाहीत, जुन्या फोकवेज कंपनीच्या लोकसंगीताच्या रेकॉर्ड्स असायच्या तशा ढंगाचं. विकणारा माणूस म्हणाला, ही आपल्या गावची आहेत, घेऊन टाक. तोवर आम्हाला बेलव्हिलमध्ये राहून सहा वर्षं झाली होती आणि मला हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गावाकडे बघून कळतही नाही. सेंट लुईसहून मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये आलं की अर्ध्या तासात हे गाव. जर्मन लोकांनी वाढवलेलं, मधोमध चौक, चौकात कारंजं, त्याच्याभोवती गाड्या गोल फिरून जातात. एकेकाळी इथे आजूबाजूला कोळशाच्या खाणी, गावात शेगड्या-स्टोव्ह बनवणाऱ्या फाउंड्र्या, बिअरचा मोठा कारखाना. स्टॅग नावाची बिअर इथेच व्हायची, तो कारखाना १९८८ मध्ये बंद झाला. म्हणजे ही पोरं गाणी लिहीत होती, तेव्हाच. लाल विटांच्या बिनखिडक्यांच्या भिंती अजून मधूनमधून दिसतात, त्यांच्या कडेनं गेलं की मला उगाचच मळीचा वास आल्यासारखा होतो, इथे साखर कधी झाली नाही तरी.

तिघं. जे फॅरार, जेफ ट्वीडी, माइक हायडॉर्न. फॅरार आणि ट्वीडी इथल्या हायस्कूलमध्ये भेटले. आधी फॅरारच्या भावांबरोबर दुसऱ्या नावाचा बँड होता, साठच्या दशकातली गाणी वाजवायचे, मग १९८७ च्या सुमारास अंकल टुपेलो झाले. नाव असंच, दोन शब्द अंदाजानं उचलून एकापुढे एक ठेवले. नदीपलीकडे सेंट लुईसमध्ये सिसरोज म्हणून ठिकाण होतं, त्याच्या तळघरात वाजवायचे. पंक, म्हणजे दणदणाटी, बंडखोर रॉक, ते ऐकून मोठी झालेली पोरं, आणि त्याच वेळी घरातलं, आजूबाजूचं, आई-बापांच्या रेडिओवरचं कंट्री, म्हणजे इकडचं गावाकडचं संगीत, कानात बसलेलं. त्या वयात असं असतं ना, बाहेर मित्रांमध्ये एक संगीत आणि घरात दुसरं, आणि दोन्हीची एकमेकांना ओळख करून द्यायची लाज वाटते. ह्यांना वाटली नाही एवढंच. किंवा वाटलीही असेल सुरुवातीला.

१९९० च्या जानेवारीत ते बॉस्टनला गेले, फोर्ट अपाची स्टुडिओत, आणि दहा दिवसांत हा अल्बम झाला. खर्च साडेतीन हजार डॉलर. पॉल कोल्डरी आणि शॉन स्लेड ह्या दोघांनी तो केला, त्याच दोघांनी आधी डायनोसॉर ज्युनियर बँडचं काम केलं होतं, आणि त्या बँडच्या जे मॅस्किसनं जी १९६१ ची गिब्सन लेस पॉल गिटार वाजवली होती तीच इथेही वापरली. मला ह्या गोष्टीचं फार वाटतं. बॉस्टनचा जानेवारी म्हणजे हाडं गोठतात, त्यात गावाकडून आलेली तीन पोरं, हातात दुसऱ्याचं वाद्य, घड्याळाकडे बघत बघत काम. तेरा गाणी. २१ जूनला अल्बम बाहेर आला आणि वर्षभरात पंधरा हजारांवर कॉपी खपल्या, नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या मोठ्या बाजाराच्या हिशोबात हा आकडा काहीच नाही, पण छोट्याशा लेबलवरून आलेल्या पोरांसाठी होता.

पहिलंच गाणं 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट'. म्हणजे रात्रपाळी. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सीडी खराब आहे. कारण गाणं जोरात सुटतं आणि मधेच थांबतं. अगदी बंद. एक क्षण काहीच नाही, आणि मग परत सगळं एकदम अंगावर येतं, त्याच जोरानं. असं पुन्हा पुन्हा. मिनिटमेन नावाचा कॅलिफोर्नियाचा पंक बँड होता, तो ह्यांना फार प्रिय, हे थांबणं-सुटणं त्यांच्याकडून आलंय असं जाणकार म्हणतात, असेलही. पण मी ज्या घरात वाढले तिथे हे थांबणं माझ्या ओळखीचं होतं. आमचं घर साखर कारखान्याच्या कॉलनीत, कराडच्या बाजूला. हंगाम सुरू झाला की कारखान्याचा आवाज रात्रंदिवस चालू, इतका की तो ऐकूच यायचा नाही, पंख्याचा येत नाही तसा. आणि कधी काहीतरी बिघडून गाळप थांबलं की अख्खी कॉलनी झोपेतून जागी व्हायची. आवाजानं नाही, आवाज गेल्यामुळे. आई उठून बसायची, बाहेर बाया दारात येऊन उभ्या राहायच्या, कुणी काही बोलायचं नाही. मग एकदम परत सुरू व्हायचं, आणि सगळ्या आत. त्या मधल्या शांततेत आईचा हात माझ्या अंगावर असायचा, तो घट्ट झालेला मला अजून आठवतो. आप्पा आत होते ना, कारखान्यात. फिटर होते.

'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' मधेच थांबतं तेव्हा मला तो हात जाणवतो, आणि हे मी इथे कुणाला कसं सांगणार.

आणि चौथं गाणं ह्यांचं नाहीच. ते कार्टर फॅमिलीनं १९३६ मध्ये रेकॉर्ड केलेलं आहे, 'नो डिप्रेशन इन हेवन'. कार्टर फॅमिली म्हणजे ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची चुलत बहीण मेबेल, व्हर्जिनियातल्या डोंगरातली माणसं. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावात एका हॅटच्या दुकानाच्या इमारतीत पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आली आणि तिथून कंट्री म्युझिक म्हणून आपण जे म्हणतो त्याचा पाया पडला असं सगळेच मानतात. ए. पी. गावोगाव फिरून लोकांकडून गाणी गोळा करायचा, म्हाताऱ्या बायकांकडून, खाणीतल्या मजुरांकडून, चर्चमधून. मेबेल गिटारच्या खालच्या जाड तारांवर अंगठ्यानं चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका, एकाच हातात गाणारा आणि साथीदार दोघं. इकडे गाणं फिरत फिरत एखाद्याच्या तोंडी बसतं, मग त्याच्या नावावर लागतं, मग पुढच्याच्या. आजींना विचारलं तर त्यांना कार्टर फॅमिलीचं नाव माहीत होतं पण गाणं त्यांचं आहे हे त्यांच्या गावी नव्हतं, गाणं चर्चचं.

गाण्यातलं डिप्रेशन मनाचं नाही. माझ्या मामेबहिणीनं एकदा सीडीचं कव्हर बघून काळजीनं विचारलं होतं, तुझं बरं चाललंय ना तिकडे? हे डिप्रेशन पोटाचं आहे. अमेरिकेतली १९२९ नंतरची महामंदी. गाणं म्हणतं, माणसांची काळजं खचली आहेत, हे शेवटचे दिवस आहेत, मंदी सगळीकडे पसरत चालली आहे आणि हे होणारच होतं असं देवाच्या वचनात लिहिलेलं आहे. मी निघालो तिकडे, जिथे मंदी नाही. तिथे भूक नाही. भाकरीसाठी रडणारी पोरकी पोरं नाहीत, रडणाऱ्या विधवा नाहीत, कफन नाही, शवपेटी नाही, मरण नाही. किती साधं मागणं आहे बघा, स्वर्गात काय काय असेल ते कुणी सांगतच नाहीये, काय नसेल तेवढं मोजतंय. सोन्याचे महाल नकोत, फक्त पोरं उपाशी नकोत. ज्यानं हे लिहिलं त्यानं ती उपाशी पोरं बघितली होती ह्यात मला शंका नाही.

आता चोपन्न वर्षांनी ही तीन पोरं ते म्हणतात. पंक बँड आहे, १९९० साल आहे. त्यांना ह्या गाण्याची टिंगल करता आली असती. दुप्पट वेगानं वाजवून, गळा काढून, बघा कसे भोळे होते हे लोक असं म्हणून. तेव्हा तशी पद्धतच होती. ह्यांनी तसं केलेलं नाही. फॅरार ते सरळ म्हणतो. एका शब्दाला डोळा मारत नाही, कुठे हसू दाबत नाही, उगाच गहिवरतही नाही. तेवीस वर्षांच्या पोराच्या गळ्यातून सत्तरीतला माणूस बोलतोय असा तो आवाज, थोडा पडलेला, कोरडा, दिवसभराचं काम करून पायरीवर बसलेल्या माणसाचा. आजींचा सूर त्याच्या खाली इतका बरोब्बर बसला त्याचं कारण हेच असणार, गाण्यात त्यांना बसायला जागा होती.

पण म्हणून मानतात का?

कारण लगेच पाचवं गाणं 'फॅक्टरी बेल्ट', दणदणाट, त्या पट्ट्यावर मला माझं आयुष्य घालवायचं नाही असं सांगणारं. आणि सहावं 'व्हिस्की बॉटल'. त्यात फॅरार म्हणतो की येशूपेक्षा व्हिस्कीची बाटली बरी, कायमची नाही, आत्तापुरती. चौथ्या गाण्यात स्वर्ग, सहाव्यात बाटली, एकाच गळ्यातून, मधे जेमतेम एक गाणं. 'कायमची नाही, आत्तापुरती' हे शब्द त्यांना इतके जवळचे होते की आदल्या वर्षी, १९८९ मध्ये, त्यांनी ज्या डेमोची कॅसेट काढली होती तिला हेच नाव दिलं होतं. मला हा सगळा अल्बम त्या शब्दांत अडकलेला वाटतो. देवाला सोडलंय असंही नाही, धरलंय असंही नाही. आत्तापुरतं बाजूला ठेवलंय. परत येऊ म्हणून सांगितलंय. येणार आहेत का ते त्यांनाही ठाऊक नाही.

आप्पा देव मानायचे नाहीत. युनियनमधले, वाचणारे, घरातला देव्हारा आईचा, त्याच्यासमोर त्यांना हात जोडलेले मी पाहिले नाहीत. गणपतीत आरतीला उभे राहायचे, पण हाताची घडी घालून. पण कार्तिकात काकडा असतो, महिनाभर रोज पहाटे विठ्ठलाच्या देवळात, आणि हंगामही त्याच सुमाराला सुरू होतो. आप्पांची पाळी रात्री आठ ते पहाटे चार असली की ते सुटल्यावर घरी न येता थेट देवळात. पखवाज त्यांचा. कारण कॉलनीत पखवाज धड वाजवणारा दुसरा कुणी नव्हता. आणि माझं काम काय, तर पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला कणकेचा गोळा लागतो तो घेऊन जायचं. आई पावणेचारला उठून मूठभर कणीक मळायची, मऊ, पाणी जरा जास्त, ती स्टीलच्या छोट्या डब्यात, आणि मी कानाला मफलर बांधून अंधारात ती घेऊन जायचे. आप्पा देवळाच्या पायरीवर बसून हात पुसत असायचे. ग्रीसनं काळे झालेले हात, आधी घासलेटच्या चिंधीनं, मग मातीनं, मग पाण्यानं, तरी नखांच्या कडांना काळं राहायचंच. मग डबा उघडून तो पांढरा गोळा घ्यायचे आणि डाव्या पानावर मधोमध थापायचे, अंगठ्यानं कडेकडेनं दाबत, एकदा थाप मारून ऐकायचे, जरा कणीक काढायचे, परत थाप, परत जरा लावायचे. धुम् असा खोल आवाज आला की मान हलवायची आणि आत जायचं. त्या कणकेवर त्यांच्या बोटांचे करडे ठसे उमटलेले असायचे. मी वयानं नऊ-दहा वर्षांची, देवळाच्या खांबाला टेकून अर्धवट झोपेत अभंग ऐकायचे, घासलेट, कापूर आणि मळी अशा तिन्हीचा मिळून वास, तो मला आजपर्यंत दुसरीकडे कुठे आलेला नाही.

एकदा परत येताना विचारलं, "आप्पा, तुम्ही तर देव मानत नाही, मग भजनाला कशाला जाता?"

म्हणाले, "पाळी सुटल्यावर लगेच झोप कुठं येती?"

एवढंच. मला तेव्हा ते खरं वाटलं. अजूनही वाटतं, रात्रभर मशिनीशेजारी उभं राहिल्यावर अंगात जी थरथर राहते ती जायला वेळ लागतो हे आता मलाही कळतं. पण ते एवढंच नव्हतं, हेही कळतं. कारण तुकोबांच्या एका अभंगाला, कुठला ते मी इथे सांगत नाही, तो घरातला आहे, त्यांचे डोळे मिटायचे. रोज. त्याच जागी.

आप्पा इकडे एकदाच आले, २०१४ च्या उन्हाळ्यात. त्यांना सेंट लुईसची कमान दाखवली, नदी दाखवली, नदी बघून खूश झाले, कृष्णेच्या चौपट आहे म्हणाले. बेलव्हिलच्या चौकात कारंज्यापाशी बसलो असताना विचारलं, इथं भोंगा होत नाही का? म्हटलं, आता नाही. एका संध्याकाळी मी त्यांना ही सीडी लावून दिली. पहिली तीन गाणी त्यांनी सहन केली, माझ्यासाठी. 'व्हिस्की बॉटल' लागलं आणि त्यात मागे ते पेडल स्टील गिटार आलं, सूर ओढत ओढत एका पट्टीतून दुसरीत नेणारं, तर एकदम पुढे सरकले, अगं हे तर आपलं हवाईयन गिटार. आणि होतंच ते. हवाई बेटांवर तारांवरून लोखंडी सळई सरकवून वाजवायची जी रीत निघाली ती इकडे नॅशव्हिलला जाऊन पेडल स्टील झाली आणि तिकडे आपल्याकडे येऊन सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजवायला लागली, विविध भारतीवर दुपारी लागायच्या त्या. ह्या अल्बमवर ते रिच गिल्बर्टनं वाजवलंय. आप्पा म्हणाले, हार्मोनियमला हे जमत नाही, मधला सूर धरता येत नाही तिला, हा बाबा मधल्या सुरावरच राहतोय. मग मी चौथं गाणं लावलं आणि अर्थ सांगितला. भूक नाही, पोरकी पोरं नाहीत, तिथवर आले तेव्हा त्यांनी हातानंच थांब म्हटलं. परत लाव. दुसऱ्यांदा लावलं तर टेबलावर बोटांनी ठेका शोधत होते, सम कुठे येते ते बघत होते. संपल्यावर म्हणाले, ह्याला पखवाज नको, टाळ पुरेत.

मला तेव्हा विचारता आलं असतं. नाही विचारलं. बटाट्याच्या काचऱ्या गॅसवर होत्या, त्या लागतील म्हणून उठले. दोन वर्षांनी आप्पा गेले.

ह्या अल्बममध्ये एक 'ट्रेन' म्हणून गाणं आहे, ट्वीडीचं. पोरगा रेल्वे फाटकापाशी उभा आहे, मालगाडी जातेय, संपता संपत नाही, आणि त्या वेळात त्याच्या मनात येतं की मी एकवीस वर्षांचा, शाळा सोडलेली, तब्येतीनं धडधाकट, म्हणजे लढाई झाली तर पहिला मीच मरणार. इलिनॉयमधल्या मालगाड्या खरंच तेवढ्या लांब असतात. फाटकात अडकले की मी डबे मोजते आणि शंभरच्या आसपास सोडून देते, तेवढ्यात माणसाच्या मनात काय काय येऊन जात असेल. दुसरं 'स्क्रीन डोअर', तेही त्याचंच, जाळीच्या दारामागे, पोर्चवर बसून राहणाऱ्या माणसांचं, इथे सगळेच सारखे गरीब म्हणून कुणाला काही वाटत नाही असं सांगणारं. ह्याच्यात लबाडी नाही, पण विशीतल्या पोराची एक जिद्द आहे, आपलं गाव असं आहे हे ठासून सांगायची. खरं गाव त्याहून गुंतागुंतीचं असतं, सारखे गरीब कधी कुठे नसतात. फॅरारच्या गाण्यांत मला जास्त खरं वाटतं, तो गावाबद्दल काही सिद्ध करायला जात नाही, नुसता दमलेला आहे. शेवटचं गाणं 'जॉन हार्डी', रेल्वेवर काम करणाऱ्या एका माणसाचं, जुगाराच्या डावात खून केला म्हणून १८९४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्याला फाशी दिली. हेही जुनं, लोकांचं, लेड बेली ह्या जुन्या लोकगायकानं गायलेलं. म्हणजे चौथं गाणं स्वर्गाचं आणि तेरावं फासाचं, दोन्ही उसनी, आणि मधे ह्यांचं स्वतःचं.

पुढचं ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे. फॅरार आणि ट्वीडीचं पटेना झालं, हायडॉर्न आधीच बाहेर पडला होता, १ मे १९९४ ला सेंट लुईसच्या मिसिसिपी नाइट्समध्ये शेवटचा कार्यक्रम, मग फॅरारचा नवा बँड सन व्होल्ट आणि ट्वीडीचा विल्को. १९९५ मध्ये सिअॅटलहून एक मासिक निघालं, त्याचं नाव 'नो डिप्रेशन', आणि अशा प्रकारच्या सगळ्या संगीतालाच लोक ते नाव द्यायला लागले. म्हणजे मंदीच्या काळातल्या देवाच्या गाण्यातले दोन शब्द, ते एका अल्बमचे झाले, मग एका मासिकाचे, मग एका अख्ख्या पंथाचे. हे खरं कंट्री आहे की नाही ह्यावर वाद घालणारे भेटतात. मला त्या वादात रस नाही. ज्या गाण्यावर शेजारच्या आजी रेक टेकवून उभ्या राहिल्या ते कंट्री नाही असं त्यांना जाऊन कोण सांगणार.

नोव्हेंबरात एका शनिवारी मी प्लेअर उचलून आजींकडे गेले. प्रश्नाचं उत्तर घेऊन गेले होते अशातला भाग नाही, पण त्या प्रश्नाला सहावं गाणंही ऐकवायला पाहिजे असं वाटत होतं, नाहीतर ती त्यांची फसवणूक झाली असती. आजींनी टेबलावर एक जुनं गाण्यांचं पुस्तक काढून ठेवलं होतं, पानं तपकिरी झालेली, त्यातले सूर वेगवेगळ्या आकारांत छापलेले, कुठे त्रिकोण, कुठे चौकोन, कुठे गोल. ज्यांना नोटेशन शिकायची सोय नव्हती त्या खेड्यातल्या लोकांना आकार बघून गाता यावं म्हणून. हे गाणं काही त्या पुस्तकात सापडेना, त्या बोट फिरवत राहिल्या. मग राहू दे म्हणाल्या, ते मला येतं.

चौथं लावलं. ह्या वेळी त्या गायल्या नाहीत, ऐकत बसल्या. ते संपल्यावर 'फॅक्टरी बेल्ट' धाडकन सुरू झालं आणि मी बंद करायला हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, राहू दे. त्यांचे यजमान इथल्याच फाउंड्रीत होते, एवढं मला माहीत होतं. सगळं गाणं त्या कपाळाला आठी घालून, पण हलल्या नाहीत. मग सहावं. स्टील गिटार आलं, बाटली आली, येशूपेक्षा बाटली बरी हे आलं, आणि मी टेबलक्लॉथकडे बघत राहिले. कायमची नाही, आत्तापुरती. आजी खिडकीबाहेर बघत होत्या. बोटांनी पुस्तकाची कड धरलेली.

गाणं संपलं तेव्हा म्हणाल्या, "माझा भाऊ हेच म्हणायचा. शब्द वेगळे." थोडा वेळ तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "आता परत ते लाव."

मी मागे जायचं बटण तीनदा दाबलं. त्या खुर्चीत सरळ झाल्या आणि घसा साफ केला.